बकेटमधला माणूस कोणाचा?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, तळा, रोहा या तालुक्यांत घरांवरचे पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि विजेचे खांब हजारांनी कोसळले. कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. त्या दिवसांत आम्ही काही कार्यकर्ते ताडपत्री आणि धान्य घेऊन वस्त्यावस्त्यांतून फिरत होतो. टाळेबंदीचा काळ, तोंडाला मास्क, वरून पाऊस. रोह्याला लागून असलेल्या वरसे येथे आमची गाडी थांबली, कारण पुढे रस्त्यात बकेट गाडी उभी होती.

ही गाडी आपण सर्वांनी पाहिलेली आहे. ट्रकच्या मागे हायड्रॉलिकवर वर-खाली होणारा लांब दांडा आणि त्याच्या टोकाला माणूस उभा राहील एवढी बादली. शहरात पथदिव्यांसाठी ती वापरतात. वादळानंतर जिथून मिळेल तिथून अशा गाड्या आणून तारा ओढण्याच्या कामाला लावल्या गेल्या.

त्या बादलीत बावीस-तेवीस वर्षांचा एक मुलगा होता. एक पाय बादलीत, दुसरा बादलीच्या काठावर. कमरेला पट्टा नाही. गाडीचा एक जॅक रस्त्याच्या कडेच्या भिजलेल्या मातीत, खाली फळीऐवजी विटेचा तुकडा. चालक ट्रकला हात टेकून फोनवर बोलत होता. बूमच्या बरोबर खाली गावातली पोरे वर बघत उभी. आणि शेजारच्या दुकानात जनरेटर धडधडत होता.

मी वकील आहे, वायरमन नाही. पण विजेच्या अपघातांची प्रकरणे चालवताना जे शिकायला मिळते ते पुस्तकात मिळत नाही. मी खाली उतरून विचारले, "दादा, पट्टा कुठे आहे?"

"गाडीत आहे साहेब. पट्टा लावला की हात पोचत नाही."

"लाईन बंद आहे का?"

"बंदच आहे ना, वादळापासून."

"अर्थिंग केले आहे?"

मुलाने मुकादमाकडे पाहिले. मुकादम माझ्याकडे पाहून म्हणाला, "साहेब, लोकांना लाईट पाहिजे की नको? तुम्ही कंपनीचे का?"

मी कंपनीचा नव्हतो. मग मीच त्याला उलट विचारले, हा मुलगा कंपनीचा का? नाही, ठेकेदाराचा. गाडी? भाड्याची. तारा? त्या कंपनीच्या. म्हणजे माणूस एकाचा, गाडी दुसऱ्याची, तारा तिसऱ्याच्या, आणि जीव गेला तर तो फक्त त्या मुलाच्या आईचा.

त्या दिवशी काही झाले नाही. तार जोडून ती मंडळी पुढच्या खांबाकडे गेली. काही झाले नाही म्हणूनच हे लिहिले पाहिजे. झाल्यावर आपण मोर्चा काढतोच.

"लाईन बंदच आहे" या वाक्याने जेवढे वायरमन मारले असतील, तेवढे उघड्या चालू तारेने मारले नसतील असे मला वाटते. चालू तारेला माणूस भितो, बंद तारेला भीत नाही. वादळानंतर वीज केवळ सबस्टेशनमधून येत नाही. कुणाच्या घरात, दुकानात, सभागृहात जनरेटर चालू असतो. तो मुख्य तारेपासून तोडलेला नसेल, म्हणजे चेंजओव्हर स्विच बसवलेला नसेल, तर त्याची वीज उलटी खांबावर जाते आणि तिथून ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरते. जो ट्रान्सफॉर्मर अकरा हजार व्होल्टचे चारशेतेहतीस करतो, तोच उलट्या बाजूने वीज मिळाल्यावर चारशेचे हजारो व्होल्ट करतो. दुकानात दोन ट्यूबा पेटतात आणि अर्ध्या मैलावर खांबावरचा माणूस चिकटतो. आपल्या विहारांत आणि समाजमंदिरांत जयंतीला जनरेटर लावले जातात. तिथे चेंजओव्हर आहे का, हे कार्यकर्त्यांनी आजच जाऊन पाहावे.

म्हणून बंद लाईनला "बंद" म्हणण्यापूर्वी काही गोष्टी कराव्या लागतात, आणि त्यांचा क्रम बदलता येत नाही. दोन्ही बाजूंचे एबी स्विच उघडायचे, कुलूप लावायचे आणि "माणसे काम करीत आहेत" अशी पाटी टांगायची. सबस्टेशनकडून परमिट तोंडी नव्हे, लेखी घ्यायचे. टेस्टरने वीज नसल्याची खात्री करायची. आणि काम करायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग रॉड लावून तार जमिनीशी जोडायची, म्हणजे कुठूनही चुकून वीज आली तरी ती माणसातून न जाता जमिनीत जाईल. यातली शेवटची पायरी सर्वात जास्त वेळा गाळली जाते. रॉड जड असतो, प्रत्येक खांबाला काढा-लावा करावी लागते आणि मुकादमाला संध्याकाळपर्यंत दहा खांब दाखवायचे असतात.

आता बकेट गाडीविषयी. शिडीवर किंवा खांबाला दोर बांधून काम करण्यापेक्षा बकेट बरी, यात शंका नाही. पण बकेटमध्ये उभा राहिला म्हणजे माणूस सुरक्षित झाला हा मोठा गैरसमज आहे. वीज रोखणारा फायबरचा बूम वेगळा असतो, महाग असतो, त्याची ठराविक मुदतीने चाचणी करावी लागते, आणि त्यावर धूळ-चिखल बसला तर तोही वीज वाहतो. पथदिव्यांसाठी बनवलेल्या साध्या गाडीचा दांडा लोखंडाचा असतो. तो पिवळा रंगवला म्हणून इन्सुलेटेड होत नाही. असा दांडा अकरा हजारांच्या तारेला लागला, तर क्षणात सगळा ट्रक, बंपरपासून दरवाजाच्या कडीपर्यंत, चालू तार होतो. रबरी टायर वाचवतील या भरवशावर कुणी राहू नये.

आणि मग मरतो कोण? पुष्कळदा वरचा नव्हे, खालचा. वरच्याच्या अंगातून वीज जायला वाट नसेल तर तारेवर बसलेल्या पक्ष्यासारखा तो वाचूही शकतो. खाली ओल्या जमिनीवर उभा राहून ट्रकला हात लावलेला माणूस वाचत नाही, कारण ट्रक आणि जमीन यांच्यामधली वाट तोच असतो. वरसे येथे फोनवर बोलणारा तो चालक नेमका त्या जागी उभा होता. काम चालू असताना जमिनीवरच्या कोणीही गाडीला हात लावायचा नाही. खालची हँडल केवळ संकटात, वरचा माणूस निपचित पडला तर, आणि गाडीत वीज नाही याची खात्री करूनच वापरायची. पोरे, म्हातारी माणसे, "लाईट कधी येणार" विचारायला येणाऱ्या बाया, सर्वांना दोर बांधून लांब ठेवायचे.

गाडी तारेला लागलीच तर केबिनमधल्याने केबिनमध्येच बसून राहावे आणि सबस्टेशनला फोन करावा. आग लागली आणि उतरणे भागच पडले, तर पायऱ्यांवरून उतरायचे नाही. एका वेळी गाडी आणि जमीन यांना स्पर्श होता कामा नये. दोन्ही पाय जोडून उडी मारायची आणि पाय न उचलता, घासत घासत, लहान पावलांनी लांब जायचे. वीज जमिनीतही पसरते. मोठे पाऊल टाकले की दोन पायांखालच्या व्होल्टेजमध्ये फरक पडतो आणि ती एका पायातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडते. तुटून पडलेल्या तारेजवळही हाच नियम. हे आपल्या शाळांतून मुलांना शिकवायला काय हरकत आहे?

पट्ट्याविषयी त्या मुलाचे म्हणणे खोटे नव्हते. पट्ट्याने हात आखडतो. पण हात पोचत नसेल तर बकेट जवळ न्यायची, माणसाने काठावर चढायचे नाही, की बकेटमध्ये शिडी ठेवायची नाही. जॅक खचला, मागून एखादा डंपर घासून गेला, तर बूमला झटका बसतो आणि त्याच्या टोकावरचा माणूस गोफणीतल्या दगडासारखा फेकला जातो. पट्टा बूमवरच्या कडीला अडकवायचा. शेजारच्या खांबाला मुळीच नाही, कारण बकेट हलली तर माणूस खांबाला बांधलेला आणि पाय बकेटमध्ये अशी गत होते. माणूस वर असताना गाडी पुढे घ्यायची नाही, दोनच खांब पुढे जायचे असले तरी. आणि पावसाळ्यातल्या कोकणच्या मातीत जॅकखाली रुंद, जाड लाकडी फळी पाहिजे. वीट चालत नाही.

हे सारे कंपनीच्या अभियंत्यांना ठाऊक आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा विनियमांत ते होते आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या विनियमांतही आहे: कामापूर्वी तार अर्थ करावी, कामगाराला हातमोजे, रबरी बूट, पट्टा, हेल्मेट, टेस्टर द्यावा, नेमून दिलेल्या माणसाखेरीज कोणी चालू लाईनवर काम करू नये वा त्यात मदतही करू नये. नियमांचा तुटवडा नाही. पण यातला प्रत्येक नियम असे धरून चालतो की वर चढणारा माणूस "अर्थिंग होईपर्यंत मी चढणार नाही" असे म्हणू शकतो. कायम नोकरीतला वायरमन कदाचित म्हणेल. ठेकेदाराच्या माणसाने म्हटले तर उद्यापासून त्याच्या जागी दुसरा येतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने जिवाला तात्काळ धोका दिसल्यास मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकाला कळवण्याचा हक्क कामगाराला दिला आहे. कळवण्याचा हक्क दिला. थांबण्याचा हक्क तितक्या स्वच्छ शब्दांत दिलेला नाही. आणि बकेटमध्ये उभा राहून निरीक्षकाला कळवायचे तरी कसे?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, हे आपण भाषणांत सांगतो. त्याच खात्याकडे पाटबंधारे आणि वीजही होती, हे मात्र विसरतो. देशाच्या वीज विकासासाठी केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्यांच्या काळात, १९४४ मध्ये उभे राहिले. वीज आणि मजूर एकाच टेबलावर होते. आज तारा एका कार्यालयात आणि तारा ओढणारा दुसऱ्याच्या हजेरीपटावर. याच जिल्ह्यात १९२७ साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि त्याच वर्षी भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. भिऱ्याचे पाणी आजही कुंडलिकेतून रोह्यावरून वाहते. खांबावर चढणारा मुलगा आपला असो, कातकरी वाडीवरचा असो की कुणब्याचा. त्या दिवशी मी त्याला जात विचारली नाही.

आता त्या शीर्षकातल्या प्रश्नाचे कायद्यातले उत्तर. माणूस ठेकेदाराने आणला असला तरी, ज्याच्या कामासाठी आणला तो मुख्य नियोक्ता भरपाईला जबाबदार असतो. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या कलम १२ मध्ये हे होते, आणि आता त्या कायद्याची जागा घेणाऱ्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. "तो आमचा माणूस नाही" असे कंपनीने म्हटले तरी दावा संपत नाही. कंपनी भरपाई भरून ठेकेदाराकडून वसूल करू शकते. तो त्या दोघांचा प्रश्न.

पण रक्कम ठरते पगारावर, आणि इथेच मेख आहे. मृत्यूच्या दाव्यात मासिक वेतनाची निम्मी रक्कम वयानुसारच्या गुणकाने गुणतात. पंचवीस वर्षांच्या वयाला गुणक २१६.९१. जानेवारी २०२० मध्ये हिशेबासाठी वेतनाची कमाल मर्यादा १५,००० रुपये करण्यात आली. त्या हिशेबाने पंधरा हजार पगाराच्या मुलाच्या घरी १६,२६,८२५ रुपये येतात. ठेकेदाराने कागदावर नऊ हजारच दाखवले असतील तर ९,७६,०९५. साडेसहा लाखांचा फरक एका पगारपत्रकाने पडतो. म्हणून हजेरीचा फोटो, बँकेतली जमा, मुकादमाचे फोनवरचे निरोप, सोबत्यांची नावे हे जिवंतपणीच जपून ठेवायचे. ज्याचा ईएसआय कापला जातो त्याच्या वारसांना लाभ त्या योजनेतून मिळतो. कापला जातो की नाही, हेही आधीच पाहून ठेवावे.

दुसरी गोष्ट मी वारंवार पाहिली आहे. पुण्यानुमोदनाच्या दिवशीच ठेकेदाराचा माणूस दोन लाख आणि स्टॅम्प पेपर घेऊन येतो. घरातले रडत असतात, सही होते. मृत्यूच्या भरपाईची रक्कम आयुक्तांकडेच भरावी लागते. परस्पर दिलेले पैसे, थोडी आगाऊ उचल वगळता, भरपाई म्हणून धरले जात नाहीत. तेव्हा त्या सहीने हक्क गेला असे समजून कोणी घरी बसू नये. अपघाताची खबर विद्युत निरीक्षकाला द्यावी लागते आणि तो चौकशी करतो. त्या अहवालाची प्रत माहितीच्या अधिकारात मागावी, कारण अर्थिंग होते की नाही हे त्यातच सापडते. रस्त्याने जाणारा तुटल्या तारेने मेला असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली शैल कुमारी प्रकरणात सांगितले आहे की मंडळाची चूक सिद्ध करण्याची गरजच नाही.

गावातल्या पथदिव्यांचे काम ग्रामपंचायत देते. पुढच्या ग्रामसभेत कामाचा आदेश वाचून दाखवायला सांगावे. त्यात गाडीचा बूम फायबरचा की लोखंडाचा, शेवटची चाचणी कधी, पट्टे किती, अर्थिंग रॉड किती, वर चढणाऱ्याचे नाव आणि पगार काय, हे लिहिले आहे का ते पाहावे. लिहिलेले नसेल तर लिहून घ्यावे आणि ठरावाची प्रत आपल्याकडे ठेवावी. पावसाळ्यापूर्वीची ग्रामसभा यासाठी सोयीची.