दोन पानांत कायदा, शंभर पानांत वस्तुस्थिती

अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडच्या एका लाँड्रीत बाईला दिवसाला दहा तासांहून जास्त राबवले, म्हणून बायकांच्या कामाच्या तासांवर मर्यादा घालणाऱ्या राज्याच्या कायद्याखाली मालकाला दंड झाला. मालक भांडत भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याचे पारडे जडच होते. बेकरी कामगारांसाठी न्यूयॉर्कने केलेला असाच कायदा याच न्यायालयाने १९०५ मध्ये करारस्वातंत्र्याच्या नावाखाली मोडीत काढला होता.

ओरेगन राज्याच्या बाजूने उभे राहिले बोस्टनचे वकील लुई ब्रँडाइस. त्यांच्या शंभराहून अधिक पानांच्या लेखी युक्तिवादात कायद्याचा कीस जेमतेम दोन पाने होता. बाकी सगळे कारखाना निरीक्षकांचे अहवाल, डॉक्टरांची मते आणि युरोपातले कायदे. हे गोळा करण्याचे कष्ट मुख्यतः त्यांची मेहुणी जोसेफिन गोल्डमार्क हिचे. १९०८ मध्ये न्यायालयाने एकमताने कायदा उचलून धरला आणि ‘ब्रँडाइस ब्रीफ’ हे नाव वकिलांच्या तोंडी बसले.

ब्रँडाइस यांचा जन्म १८५६ चा, केंटकीतल्या लुईव्हिलचा. आईवडील प्रागहून आलेले ज्यू. हार्वर्डमधून विसाव्या वर्षी कायद्याची पदवी घेतली, वकिली जोरात चालली. मग रेल्वे कंपन्या आणि बड्या बँकांविरुद्धची लोकांची भांडणे ते फी न घेता लढू लागले. साहजिकच धनिकांच्या डोळ्यांत ते सलत होते.

१९१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी त्यांचे नाव सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवले आणि वादळ उठले. माजी राष्ट्राध्यक्ष टाफ्टही विरोधात गेले. उघड आक्षेप ‘जहाल’ विचारांवर होता. त्याआड ज्यूद्वेषही होता. अशा नेमणुकीवर सिनेट समितीने जाहीर सुनावणी घेतली ती पहिल्यांदाच. चार महिन्यांनी ४७ विरुद्ध २२ मतांनी ते त्या न्यायालयाचे पहिले ज्यू न्यायमूर्ती झाले. सहकारी न्यायमूर्ती मॅकरेनॉल्ड्स यांनी तरीही त्यांच्याशी अबोला धरला.

१९२८ मध्ये वॉरंटशिवाय फोन चोरून ऐकणे न्यायालयाने बहुमताने वैध ठरवले. ब्रँडाइस यांनी असहमती नोंदवली. १९६७ मध्ये न्यायालयाने तो निकाल फिरवला. खासगीपणाच्या हक्कावर त्यांनी सॅम्युअल वॉरन यांच्यासोबत १८९० मध्येच लेख लिहिला होता. खासगीपणावरच्याच २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही त्याची दखल घेतली.

मात्र त्या गाजलेल्या ब्रीफमध्ये एक गोम होती. बाई शरीराने दुबळी, म्हणून तिला संरक्षण, असा त्या ब्रीफचा सूर होता. पुढे हाच तर्क बायकांना नोकऱ्यांतून दूर ठेवायला वापरला गेला. १९७० च्या दशकात वकील रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी न्यायालयापुढे सामाजिक वास्तवाचे दाखले ठेवूनच तो खोडायला सुरुवात केली. १९९३ मध्ये त्या त्याच न्यायालयाच्या पहिल्या ज्यू महिला न्यायमूर्ती झाल्या. ब्रँडाइस यांचा निष्कर्ष कालबाह्य ठरला, पण तो खोडायलाही त्यांचीच रीत कामी आली.