जनुकाची कळ आणि विषाणूचे वाहन

पुणे-सातारा रस्त्याने शहराबाहेर पडताना, कात्रजच्या अलीकडे, भारती विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय लागते. 'कोव्हिशील्ड' या करोनाप्रतिबंधक लशीच्या भारतातील दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यांच्या चाचण्यांचा प्रारंभ येथेच २६ ऑगस्ट २०२० रोजी झाला. त्या दिवशी दोन स्वयंसेवकांना पहिली मात्रा टोचण्यात आली. पुढे देशातील १७ केंद्रांवर मिळून १६०० स्वयंसेवकांचा सहभाग योजिला होता. लशीची मूळ आखणी ऑक्सफर्ड विद्यापीठाची आणि उत्पादन पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटचे.

या लशीच्या अर्धा मिलिलिटर मात्रेत सुमारे ५,००० कोटी विषाणूकण असत आणि प्रत्येक कणात करोना विषाणूच्या काट्याचे एक जनुक बसविलेले असे. ज्या जनुकावर साऱ्या लशीची भिस्त, ते कारखान्यातील टाकीत बुद्ध्या बंद ठेवले जाई आणि माणसाच्या दंडात शिरल्यावरच ते चालू होई. हे कसे साधले, ते पाहण्यासारखे आहे.

प्रथम वाहनाविषयी. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून भूमिगत नळाने पुण्याच्या हौदांना पाणी येत असे. नळाचे काम पाणी पोचविण्याचे. जनुकशास्त्रात हे काम विषाणूकडून करून घेतात, कारण पेशीत शिरून आपला डीएनए तिच्या केंद्रकापर्यंत नेण्यात त्याचा हात धरणारा दुसरा कोणी नाही. कोव्हिशील्डसाठी चिंपांझी माकडात सर्दीसारखा विकार करणारा अ‍ॅडेनो जातीचा विषाणू निवडण्यात आला. माणसांत आढळणारा अ‍ॅडेनोविषाणू घेतला असता, तर अनेकांच्या रक्तातील जुन्या प्रतिपिंडांनी त्याला वाटेतच गाठले असते.

हे वाहन निरुपद्रवी कसे केले? अ‍ॅडेनोविषाणूत 'ई-१' नावाचा जनुकसमूह असतो. तो चालू झाला की विषाणूची इतर जनुके एकामागून एक जागी होतात आणि त्याची पैदास सुरू होते. शास्त्रज्ञांनी हा समूहच काढून टाकला. असा विषाणू पेशीत शिरतो, पण तेथे वाढू शकत नाही. मग कारखान्यात तो वाढवायचा कसा? त्यासाठी १९७३ मध्ये नेदरलँड्समधील लायडन येथे तयार झालेल्या मानवी पेशींचा वंश उपयोगी पडतो. या पेशींच्याच डीएनएमध्ये 'ई-१' वसलेला असल्यामुळे विषाणूची उणीव त्या भरून काढतात.

येथे मात्र एक अडचण उभी राहते. टाकीतील पेशी विषाणू वाढवू लागल्या की काट्याचे जनुकही त्यांच्यात वाचले जाते आणि काट्याच्या प्रथिनांचा ढीग साचू लागतो. त्यामुळे पेशींवर ताण पडतो, विषाणूचे पीक कमी येते, आणि ज्या कणांत ते जनुक बिघडले आहे तेच जोमाने वाढण्याचा धोका संभवतो. कोट्यवधी मात्रांची निकड असताना हे परवडणारे नव्हते. उपाय सापडला तो जीवाणूंकडे. टेट्रासायक्लीन या औषधाला दाद न देणाऱ्या काही जीवाणूंत एक रोधक प्रथिन असते. डीएनएवरील ठरावीक जागी ते ठाण मांडून बसते आणि पुढचे जनुक वाचूच देत नाही. ही ठरावीक जागा काट्याच्या जनुकाच्या आधी जोडण्यात आली आणि रोधक तयार करण्याची क्षमता टाकीतील पेशींना देण्यात आली. टाकीत रोधक असतो, म्हणून जनुक बंद. माणसाच्या शरीरात तो नसतो, म्हणून जनुक चालू. दिव्याची कळ दिव्यातच असावी, पण ती दाबून धरणारा हात कारखान्यातच राहावा, असा हा प्रकार आहे. टेट्रासायक्लीनच्या गोळ्या घेणाऱ्याच्या लशीवर त्याचा परिणाम होईल काय, अशी शंका मनात येणे साहजिक आहे. पण रोधकच शरीरात नसल्याने त्या औषधाला हलवण्याजोगे तेथे काही उरत नाही.

लसीकरणाच्या काळात 'लशीने माणसाची जनुके बदलतात' असा प्रवाद पसरला होता. अ‍ॅडेनोविषाणूचा डीएनए केंद्रकात जातो हे खरे. परंतु तो आपल्या गुणसूत्रांत सांधण्याचे साधन या विषाणूजवळ नाही. काही काळ काट्याचे प्रथिन तयार होते, शरीर ते ओळखून प्रतिपिंडे बनविते, आणि त्या पेशी यथावकाश नष्ट होतात.

याचा अर्थ वाहन सर्वस्वी निर्धोक आहे असा नव्हे. २०२१ मध्ये या लशीनंतर अगदी थोड्या व्यक्तींत रक्तात गुठळ्या होऊन बिंबिका घटण्याचा विकार आढळला आणि त्यात मृत्यूही झाले. विषाणूचे बाह्य कवच रक्तातील एका प्रथिनाला चिकटते, असे पुढील संशोधनात दिसून आले. सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेत यकृताच्या आनुवंशिक विकारावरील प्रयोगात अ‍ॅडेनोविषाणू दिल्यानंतर चार दिवसांत जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा युवक दगावला. त्याला दिलेले कण लशीच्या एका मात्रेच्या ७०० पटींहून अधिक होते. त्या घटनेनंतर जनुकोपचाराचे प्रयोग कित्येक वर्षे मंदावले.

जनुक चालू करण्याइतकेच ते बंद करणेही मोलाचे ठरते. महाराष्ट्राच्या दृष्टीने याचे जवळचे उदाहरण सिकलसेलचे. गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या जिल्ह्यांतील आदिवासी कुटुंबांत हा रक्तविकार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. गर्भावस्थेत बाळाच्या रक्तात वेगळे हिमोग्लोबिन असते आणि त्याला हा विकार बाधत नाही. जन्मानंतर 'बीसीएल-११ए' हे जनुक ते हिमोग्लोबिन बंद पाडते. अर्थात, बंद पाडणाऱ्यालाच बंद केले तर? बोस्टन येथील डॉक्टरांनी रुग्णांच्या मूलपेशी काढून घेतल्या, लेंटी जातीच्या विषाणूवाटे त्यांत या जनुकाचा आवाज दाबणारा आरएनएचा आराखडा घातला आणि त्या परत दिल्या. सहा रुग्णांवरील निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा लक्षणीय प्रमाणात दिसू लागले. लेंटीविषाणू मात्र अ‍ॅडेनोसारखा पाहुणा नव्हे. तो गुणसूत्रांत कायमचा ठाण मांडतो, आणि म्हणूनच त्याबाबत सावधगिरी अधिक. शिवाय बदललेल्या पेशी परत देण्यापूर्वी तीव्र रसायनोपचाराने रुग्णाची जुनी अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. तेच हिमोग्लोबिन वाढविण्याचे काम गडचिरोलीच्या रुग्णासाठी आज हायड्रॉक्सीयुरियाची रोजची गोळी करते.