नौकेतील गजर

इंग्लंडात रेल्वे येण्यापूर्वी कोळसा आणि चिनी मातीची भांडी कालव्यांतून वाहून नेली जात. त्या कामासाठी बांधलेल्या नौका जेमतेम २ मीटर रुंद, पण २१ मीटरपर्यंत लांब असत; काठाने चालणारा घोडा त्या ओढीत असे. ती मालवाहतूक जवळजवळ संपली, पण त्याच घाटाच्या पोलादी नौकांत आज हजारो लोक घर करून राहतात. दिवे, पाण्याचा पंप, शीतकपाट ही सारी १२ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चालतात. स्वयंपाक सिलिंडरमधील गॅसवर होतो आणि हिवाळ्यात लोखंडी शेगडीत कोळसा पेटतो. एवढा संसार एका अरुंद, बंद जागेत मांडलेला असतो.

घरात गॅस गळला, तर तो दाराच्या फटीतून बाहेर तरी पडतो. नौका मात्र घंगाळासारखी. सिलिंडरमधील गॅस हवेहून जड असल्यामुळे तो तळाशी उतरतो आणि तेथेच साचून राहतो. म्हणून त्याचा गजर खाली, तळाजवळ बसवतात. शेगडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडची गोष्ट निराळी आहे. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. त्याच्यासाठी वेगळा गजर असतो. ब्रिटनच्या नौका-सुरक्षा नियमांनी २०१९ पासून राहत्या नौकांत तो आवश्यक ठरवला आहे.

आता समजा, मध्यरात्री हा दुसरा गजर वाजू लागला. शेगडी थंड आहे, चूल बंद आहे, इंजिनही बंद आहे. खिडक्या उघडल्या की गजर थांबतो आणि तासाभराने पुन्हा वाजतो. गजरच बिघडला असे ठरवून कित्येक जण तो काढून ठेवतात. हाच खरा धोका होय. गजर बहुधा ठीक असतो. बिघाड असतो बॅटऱ्यांत.

शिसे आणि गंधकाम्ल यांची पुन्हापुन्हा भारित करता येणारी बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते याने १८५९ मध्ये तयार केली. १२ व्होल्टच्या बॅटरीत असे सहा घट असतात. प्रत्येकाचा दाब २ व्होल्टहून किंचित अधिक. बॅटरी पूर्ण भारित झाल्यावरही प्रवाह जोराने चालू राहिला, तर तो आतील पाण्याचे विघटन करतो. त्यातून प्राणवायू आणि हायड्रोजन बाहेर पडतात. गजरातील संवेदक हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांतील भेद नीट ओळखू शकत नाही. त्याला वायू कळतो, नाव कळत नाही!

पण बॅटरी भरली की चार्जर आपला जोर कमी करतो ना? करतो, मात्र त्यालाही फसवणारा एक बिघाड आहे. नौकेत तीन-चार बॅटऱ्या एकमेकींना समांतर जोडलेल्या असतात. त्यांपैकी एकीचा एक घट आतून जुळून निकामी झाला, की ती बॅटरी साडेदहा व्होल्टच्या आसपास येते आणि इतर बॅटऱ्यांतील वीज शोषू लागते. संध्याकाळी दिवे मंदावतात. ‘बॅटऱ्या पुरत नाहीत’ अशी मालकाची तक्रार होते आणि तो चार्जर रात्रभर चालू ठेवतो. सहा घटांसाठी असलेला १४ व्होल्टचा दाब आता पाचच घटांवर पडतो. बॅटरी तापते, पाणी उकळल्यासारखे फसफसते आणि हायड्रोजन पसरतो. दिवसाची तक्रार अपुऱ्या विजेची, रात्रीची विषारी वायूची. मूळ मात्र एकच.

तथापि शोध नंतर. गजर वाजताच तो खराच मानावयाचा. ज्योती विझवून सिलिंडरची झडप बंद करावी, दारे उघडावी आणि सर्वांनी बाहेर पडावे. आत विजेचे एकही बटण दाबू नये. चार्जरची वीज काठावरील जोडणीतूनच तोडावी. हवेत ४ टक्के हायड्रोजन मिसळला, तरी एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणजे गजराने नाव चुकीचे सांगितले, तरी संकट खोटे नव्हते.

नौका पूर्ण हवेशीर झाल्यावर बॅटऱ्यांना बाहेरून हात लावून पाहावा. एखादीच गरम लागली, तर चोर बहुधा सापडला. मग जाणकाराने त्या सुट्या करून रात्रभर तशाच ठेवाव्या आणि प्रत्येकीचा दाब वेगळा मोजावा. १२.६ व्होल्टच्या वर असेल ती भरलेली व बहुधा निरोगी, १२.२ च्या सुमारास असेल ती अर्धी रिकामी. साडेदहाच्या जवळ असेल ती टाकाऊ. सर्व सारख्याच पण कमी भरलेल्या आढळल्या, तर इंजिनावरील जनित्राचा पट्टा सैल आहे का, तारांच्या टोकांवर गंज आहे का, हे पाहावे. बॅटऱ्यांच्या पेटीला वरच्या बाजूस झरोके हवेतच, कारण हायड्रोजन वर चढतो.

गजराच्या पाठीवर त्याची मुदत छापलेली असते. चाचणीचे बटण दाबल्यावर आवाज येतो, त्यावरून भोंगा व आतील जोडणी ठीक आहे एवढेच कळते; संवेदक जिवंत आहे की नाही, हे बहुतेक गजरांत त्या बटणाने समजत नाही.