बोटांना जागा हवी!

सिकंदराबादच्या जनरल बाजारात लोक साड्या बघतात, मी पाय बघतो. घरच्यांनी या छंदापुढे कधीच हात टेकलेत. बोनालूच्या सणाला उज्जयिनी महाकालीच्या देवळाबाहेर अनवाणी रांग लागते, तेव्हा तर माझी पर्वणीच! त्या रांगेत एक पाय हटकून दिसतो : अंगठा शेजारच्या बोटावर रेललेला, ते बोट मधल्या पेरात वाकून वर आलेलं, टोक जमिनीत रुतलेलं आणि उंचवट्यावर वाटाण्याएवढी भोवरी. हाच हॅमरटो.

शास्त्र थोडक्यात उरकतो. पावलात 26 हाडं असतात. तळव्यातले छोटे स्नायू बोटं सरळ धरतात, पोटरीतून उतरणाऱ्या लांब कंडरा ती वाकवतात. हा तोल बिघडला की बोट वाकतं. मधला सांधा वाकला तर हॅमरटो, शेवटचा वाकला तर मॅलेट टो, आणि मुळाशी बोट वर उचललं जाऊन पुढचे दोन्ही सांधे वाकले तर क्लॉ टो. निमुळते बूट, उंच टाचा, अंगठ्यापेक्षा लांब असलेलं दुसरं बोट, तिरका झालेला अंगठा, संधिवात, मज्जातंतूंचे आजार ही नेहमीची कारणं. झालं शास्त्र.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे, म्हणजे बुटाच्या टोकाकडे. माणसाचं पाऊल बोटांपाशी सर्वांत रुंद, आणि बूट नेमका तिथेच निमुळता! युरोपात तर बराच काळ डावा-उजवा असा भेदही न करता एकाच कलबुतावर, म्हणजे पावलाच्या साच्यावर, दोन्ही बूट शिवत. पेट्रुस कॅम्पर या डच शरीरशास्त्रज्ञाने 1781 साली चांगला बूट कसा असावा यावर पुस्तिका लिहिली. पुढे झुरिकच्या हर्मान फोन मेयरने बूट पावलाच्या आकाराचा हवा, असं ठणकावून सांगितलं. फॅशनने दोघांनाही धूप घातली नाही. सैल चपलाही साळसूद नाहीत बरं! चप्पल निसटू नये म्हणून बोटं पावलागणिक तिला आवळून धरतात. मुलांना ‘वाढत्या पायाचे’ दोन नंबर मोठे बूट घेणाऱ्या आईबापांना मी दुकानातच टोकतो.

मोंडा मार्केटच्या बाजूला बसणाऱ्या एका म्हाताऱ्या मोच्याकडे मी तासन्‌तास बसलो आहे. बूट कुठे चावतो ते तो गिऱ्हाइकाला खडूने दाखवायला लावतो. लाकडी कलबुतावर नेमक्या त्याच जागी चामड्याचा तुकडा चिकटवतो, कातडं ओलसर करून कलबूत आत ठोकतो आणि बूट रात्रभर तसाच ठेवतो. सकाळी बुटाला बोटापुरता फुगवटा आलेला असतो. माझ्या मते हॅमरटोवरचा निम्मा इलाज इथेच होतो.

आणि चप्पल किती मोठं औषध असू शकतं, हे आपल्याकडे कुष्ठरोगाने शिकवलं. त्या रोगात घोट्याच्या आतल्या बाजूने जाणारी नस निकामी झाली की तळव्यातले स्नायू लुळे पडतात, बोटं पंजासारखी आकसतात आणि तळवा बधिर होतो. दुखतच नसल्याने माणूस जखमेवर चालत राहतो. 1914 मध्ये तमिळ मुलुखातल्या कोल्ली डोंगरांत जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड 1946 साली वेल्लोरला आले. त्यांनी कंडरा हलवून वाकडी बोटं सरळ केली; पण तेवढ्यावर न थांबता त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बारीक छिद्रांच्या मऊ रबराच्या, म्हणजे एमसीआरच्या चपला रुग्णांच्या पायांत घातल्या. आमच्याकडे राणी कुमुदिनी देवींनी 1958 मध्ये कुकटपल्लीला शिवानंद पुनर्वसन केंद्र उभं केलं. सिकंदराबादेत लेप्रा सोसायटी अशा रुग्णांच्या पादत्राणांकडे लक्ष पुरवते. मधुमेहाने बधिर झालेल्या पावलाला आज हीच एमसीआर चप्पल सांगतात. अशा मंडळींनी भोवरीला ब्लेड किंवा कॉर्नची पट्टी लावू नये, गरम पाण्यात पाय बुडवून बसू नये. रोज आरशात तळवे बघावेत आणि जखम दिसताच डॉक्टर गाठावा.

बाकीच्यांनी वाकडं बोट हलक्या हाताने सरळ करून बघावं. होत असेल तर वेळ गेलेली नाही. रोज ताण द्यावा, जमिनीवरचा टॉवेल बोटांनी ओढावा, भोवरीवर सिलिकॉनची टोपी घालावी. यामुळे दुखणं उतरतं, वाकलेलं बोट मात्र कायमचं सरळ होत नाही. सांधा कडक झाला असेल आणि चालणंच अवघड होत असेल, तर हाडाचा थोडा भाग काढून बोट तारेवर सरळ ठेवतात. तार साधारण चार ते सहा आठवडे राहते.

दिवाळीत बूट घ्यायचेच असतील तर पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा, म्हणजे संध्याकाळी जा. त्याआधी कागदावर उभं राहून पावलाची रेघ काढा, कागद दुकानात न्या आणि बूट त्यावर ठेवा. रेघ बुटाबाहेर दिसली की तो बूट कितीही देखणा असो, खोक्यात परत! उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी आणि वरच्या कातड्याला बोट टेकता कामा नये. ‘वापरून सैल होईल’ असं दुकानदार म्हणेलच. पाय आपले आहेत, त्याचे नव्हेत.