मेंदी व अलक्तक : रंगलेल्या तळव्यांचा पुरावा

शीळफाट्यावर कल्याण, मुंब्रा, महापे व पनवेल या बाजूंचे रस्ते एकत्र मिळतात. लग्नसराईंत व ईदेच्या आधीं या भागांतील बाजारांत मेंदी काढून देणाऱ्या मुली शंकूच्या आकाराच्या पुड्या घेऊन बसलेल्या दिसतात, व हिंदु आणि मुसलमान दोन्ही घरच्या स्त्रिया त्यांच्यापुढें हात पसरतात. तेथील एका परिचित गृहस्थांनीं आम्हांस विचारलें, "गुरुजी, ही चाल आपली कीं बाहेरची?" प्रश्न साधा आहे; परंतु त्याचें उत्तर देतांना विद्वान मंडळीही पुराव्याची गल्लत करितात. अजिंठ्याच्या चित्रांत किंवा संस्कृत काव्यांत तांबडे तळवे दिसले, कीं मेंदी प्राचीन ठरली असें मानण्यांत येतें. हें अनुमान कां टिकत नाहीं, तें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

तांबडा रंग देणारीं द्रव्यें दोन, व त्यांचे स्वभाव भिन्न. अलक्तक अथवा आळता हा लाखेपासून निघतो. लाख ही झाडांवर राहणाऱ्या सूक्ष्म किड्यांची निर्मिति होय. अमरकोशांत लाक्षा, राक्षा, जतु, याव, अलक्त व द्रुमामय हे पर्याय एकत्र दिले आहेत. यांतील शेवटल्या शब्दाचा अर्थच 'झाडाचा रोग' असा आहे. हा रंग पातळ असतो, कापसाच्या बोळ्यानें किंवा कुंचल्यानें लावितात, व तो कातडीच्या वर बसतो. मेंदी ही झुडुपाच्या पानांची. पानें वाटून त्यांचा लगदा कांहीं तास हातावर ठेवावा लागतो; तेव्हां त्यांतील लॉसोन नांवाचें द्रव्य कातडीशीं संयोग पावून रंग चढवितें. तो धुतल्यानें जात नाहीं. कातडीचा वरचा थर झडेल तसतसा एकदोन आठवड्यांत फिका होतो.

या भेदावरून ग्रंथांची परीक्षा करितां येते. रघुवंशाच्या सातव्या सर्गांत अजाची मिरवणूक पाहण्यास धांवणारी एक स्त्री प्रसाधिकेच्या हातांतून पाय ओढून घेते, आणि खिडकीपर्यंतच्या वाटेवर तांबड्या पावलांचे ठसे उमटतात. मेघदूतांत उज्जयिनीचे प्रासाद स्त्रियांच्या पायांच्या रंगानें अंकित झालेले आहेत. मालविकाग्निमित्राच्या तिसऱ्या अंकांत बकुलावलिका मालविकेचा पाय रंगविते. रंगलेल्या पावलाचा तांबडा ठसा भूमीवर उमटतो तो अलक्तकाचा. मेंदीचा ओला लगदा सांडला तर हिरवट डागच पडेल. म्हणून कालिदासाची साक्ष आळत्याची आहे, मेंदीची नव्हे. अजिंठ्याचीं चित्रें रंग दाखवितात, द्रव्य सांगत नाहींत.

मग मेंदी परकीच, असें म्हणावें काय? तेंही घाईचें होईल. सुश्रुतसंहितेंत मदयन्तिका हें वनस्पतीचें नांव आहे. तिचा अर्थ कोणी मेंदी करितात, कोणी मोगऱ्याची जात. नुसत्या नांवावर येथें निकाल देतां येत नाहीं. दुसरीकडे, इजिप्तचा राजा दुसरा रामसेस याच्या शवाच्या केसांस मेंदीचा रंग आढळला आहे. तो राजा इसवी सनापूर्वीं तेराव्या शतकांतला. तेव्हां ही चाल इस्लामाबरोबर जन्मास आली, हें म्हणणेंही खोटें. भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनीं 1947 सालीं मेंदीच्या इतिहासावर स्वतंत्र निबंध लिहून निरनिराळ्या काळांतील उल्लेख क्रमानें मांडण्याचा मार्ग घालून दिला. तोच मार्ग खरा.

लग्नाविषयींही असाच विवेक हवा. गृह्यसूत्रांच्या विवाहविधींत पाणिग्रहण, लाजाहोम व सप्तपदी यांस महत्त्व आहे. मेंदीस तेथें स्थान नाहीं. आमच्या ठाणें भागांतील आगरी लग्नांत मुख्य मान हळदीचा, व धवलारीण गाते त्या धवल्यांचा. मेंदीचा निराळा दिवस साजरा करण्याची रीत अलीकडे फैलावली आहे. ती नवी म्हणून त्याज्य ठरत नाहीं. परंतु तिला वेदकालीन म्हणूं नये.

संग्राहकांस एक सूचना करावीशी वाटते. दप्तरांत 'मेंदी' शब्द दिसतांच प्रसाधनाचा पुरावा सांपडला असें समजूं नये. बागेच्या खर्चांत तो कुंपणाच्या झुडुपाचा असूं शकतो. मोडींत अनुस्वार बहुधा गाळतात, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नाहींत. म्हणून शब्द मागचापुढचा मजकूर लावूनच वाचावा. लग्नाच्या यादींत हळदकुंकवाशेजारीं तो आला, तर साल, स्थळ व वजन यांसह उतरून घ्यावा. अशा दहा विश्वसनीय नोंदी तांबड्या तळव्यांच्या शंभर चित्रांहून अधिक बोलक्या होतील.

त्या गृहस्थांस आम्हीं इतकेंच सांगितलें: रंगलेले पाय आपले फार जुने, पण तो रंग लाखेचा होता. मेंदीची गोष्ट निराळी असून ती कागदपत्रांवरूनच लिहावी लागेल.