हिवाळ्यातील श्वानरक्षा

निफाड परिसरात पारा कधी ५ अंशांच्याही खाली उतरतो, तेव्हा ज्याच्या देहाचे स्वाभाविक उष्णतामान सुमारे ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते त्या कुत्र्यालाही, विशेषतः आखूड केसांच्या कारवानी जातीला, पिलांना व वृद्धांना, गारठा बाधतोच. म्हणून उघड्या फरशीऐवजी चार बोटे उंच फळीवर गोणपाटाची तजवीज करावी. स्नान दुपारच्या उन्हात उरकून अंग तत्काळ कोरडे करावे. थरथर थांबूनही प्राणी सुस्तावला, हिरड्या फिकटल्या, तर हयगय न करता पशुवैद्य गाठावा. माणसाची वेदनाशामक गोळी परस्पर देणे प्राणघातक ठरू शकते. सकाळी मोटार सुरू करण्यापूर्वी खाली वाकून पाहावे : इंजिनाच्या उबेला एखादा बेवारस जीव वेटोळे करून निजलेला असतो.