शेजाऱ्याचा खोकला

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या नऊ वर्षांच्या एका मुलीला तिच्या भावाच्या अस्थिमज्जेचे दान दिले. भारतातील हे पहिले यशस्वी अस्थिमज्जारोपण होय. त्यानंतर या शास्त्राने बरीच मजल मारली. परंतु रोपण पार पडले म्हणजे रोगी संकटातून सुटला, हा समज मात्र भ्रामक आहे.

वर्धा जिल्ह्याला हा विषय परका नाही. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार विदर्भाच्या पाचवीलाच पुजलेला आहे आणि मूलपेशींचे रोपण हा त्यावरचा समूळ उपाय मानला जातो. या उपचारात तीव्र औषधांनी रोग्याची मूळ अस्थिमज्जा प्रथम नष्ट करावी लागते. तिच्याबरोबर प्रतिकारशक्तीही जाते, बालपणी टोचलेल्या लसींचे संरक्षणही ओसरते. नवी मज्जा रुजली तरी तिच्या पेशींनी रोग्याच्याच देहावर उलटू नये म्हणून प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे चालू ठेवावी लागतात. पूर्ववत बळ येण्यास वर्ष, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो.

नेमक्या याच काळात इन्फ्लुएन्झा दार ठोठावतो. धडधाकट माणसाला चार दिवस अंथरुणाला खिळविणारा हा ताप अशा रोग्याच्या फुप्फुसांत उतरतो. उपचार वेळेवर न मिळाल्यास बाधितांपैकी सुमारे एकचतुर्थांश ते एकतृतीयांश रोग्यांना न्यूमोनिया होतो, आणि न्यूमोनिया झालेल्यांपैकी सुमारे एकचतुर्थांश दगावतात, असा परदेशातील मोठ्या रोपणकेंद्रांचा अनुभव आहे. रक्तातील लिंफपेशी घटलेल्या असल्या किंवा रोपण नुकतेच झालेले असले तर धोका अधिक. शिवाय असा रोगी आठवडेच्या आठवडे विषाणू बाहेर टाकीत राहतो. कित्येकदा त्याला तापही येत नाही. साध्या सर्दीकडेही म्हणूनच दुर्लक्ष करून चालत नाही. लक्षणे दिसताच तपासणी करून, अहवालाची वाट न पाहता ओसेल्टामिविर सुरू करणे, हा आज सर्वमान्य मार्ग आहे.

लस आहे, पण रोपणानंतर साधारणतः सहा महिन्यांनी ती दिली जाते आणि दिली तरी दुबळ्या देहात तिचा प्रभाव अपुरा पडतो. तोवर रोग्याचे रक्षण करावयाचे कोणी? उत्तर एकच : त्याच्या भोवतालच्या माणसांनी. आई-वडील, भावंडे, आजी-आजोबा यांनी दरवर्षी स्वतः लस टोचून घेतली, तर विषाणूला घराचा उंबरठा ओलांडणे अवघड जाते. आपल्याकडे या तापाचा जोर विशेषतः पावसाळ्यात आणि पुन्हा हिवाळ्याच्या अखेरीस असतो, हेही ध्यानी ठेवावयास हवे.

१९१८ च्या साथीत तत्कालीन मध्यप्रांताने भीषण मनुष्यहानी सोसली. त्या वेळी ना लस होती, ना औषध. आज दोन्ही आहेत. तथापि इन्फ्लुएन्झाची लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही. रोपणासाठी कर्ज काढलेल्या कुटुंबाला घरातील प्रत्येकाच्या लसीचा खर्च पेलत नाही. लक्षावधी रुपयांच्या उपचाराला शासन व धर्मादाय संस्था हातभार लावतात. तो उपचार टिकविणारी अल्प रकमेची लस मात्र कोणाच्याच हिशेबात नसते. ही विसंगती दूर व्हावयास हवी. रोपणाच्या साहाय्यातच कुटुंबाच्या लसीचा अंतर्भाव करणे अशक्य नाही.

सेवाग्रामच्या परिसरातील गावांत एके काळी आरोग्यविम्याची वर्गणी सुगीच्या दिवसांत ज्वारीच्या रूपाने जमा होई. एकाच्या आजारपणाचा भार साऱ्या गावाने थोडाथोडा उचलावयाचा, हे त्यामागील तत्त्व. येथे तर ज्वारीचीही आवश्यकता नाही. खोकला झालेल्या शिक्षकाने तोंडावर रुमाल धरावा, ताप आलेल्या विद्यार्थ्याने दोन दिवस घरी राहावे, कारकुनाला तशी रजा विनातक्रार मिळावी, एवढेच पुरे. बहिणीला भावाने मज्जा दिली. शेजाऱ्याने निदान आपला खोकला तिला देऊ नये.